काळूची अठरा नखं: घरी कशी कापावी, कधी हात लावू नये

पावसाळ्यात रात्री घर निजलं की ओटीवरून टक्, टक्, टक् असा आवाज येतो. आमचा कुत्रा काळू पाणी प्यायला उठलेला असतो. मार्च-एप्रिलमध्येही तो तेवढ्याच वेळा उठतो, पण तेव्हा आवाज येत नाही. हा फरक कानाला जाणवेपर्यंत कुत्र्याची नखं कापायची असतात हेच मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंना तर ते अजून पटलेलं नाही. "कुत्र्याची कसली नखं कापतेस गो? मग राखण कशानं करील तो?" राखण तो भुंकून करतो. नखं त्याला पळताना पकड घ्यायला आणि खणायला लागतात. आणि कापल्यावरही आमच्या आगरातल्या केळीच्या बुडाशी खणायचं त्यानं सोडलेलं नाही.

गावठी कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. ते निम्मं खरं आहे. जांभ्याच्या चिऱ्यावरून तळहात फिरवून पाहा, कानशीच ती. उन्हाळ्यात पाखाडीच्या पायऱ्या, गडगे, सड्यावरचा कातळ असं दिवसभर हुंदडणाऱ्या कुत्र्याची नखं बेताचीच राहतात. पण मिरगाचा पाऊस लागला की तोच कुत्रा ओटीवर मुटकुळं करून बसतो. फिरणं होतं ते चिखलातून, नाहीतर लादीवरून. नख वाढायचं थांबत नाही, झिजायचं थांबतं. समुद्रावर नेलं की काम होतं असंही काहीजण समजतात. आमच्या गुहागरची पुळण इतकी मऊ आहे की तिच्यावर तासभर धावूनही काळूच्या नखांना फारसा फरक पडलेला मी पाहिला नाही. चाकरमान्यांबरोबर गणपतीला येणारे लॅब्राडोर आणि शित्झू तर बारा महिने लादीवरच राहतात. त्यांची नखं कापावीच लागतात.

म्हणून आमच्या घरापुरता हिशेब असा: आषाढापासून गणपतीपर्यंत दर दोन आठवड्यांनी, एरवी महिन्यातून एकदा. तुमच्या कुत्र्याचा हिशेब तुमच्या जमिनीवर ठरेल.

वाढलीत हे ओळखायचं कसं

कुत्र्याला सपाट लादीवर सरळ उभं करा आणि वाकून पाहा. नखाचं टोक जमिनीला टेकता कामा नये. पोस्टकार्ड खालून सरकलं पाहिजे. चालताना टकटक ऐकू येत असेल तर वेळ झाली. बोटं वर उचललेली किंवा बाजूला फाकलेली दिसत असतील तर वेळ होऊन बरेच दिवस गेलेत. वाढलेलं नख प्रत्येक पावलाला बोट मागे ढकलतं, कुत्रा वजन टाकायची पद्धत बदलतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना ते जड जातं. लादीवर घसरणं हा त्याचाच एक भाग. शिवाय लांब नख कशात तरी अडकतं. आपल्याकडे दारात काथ्याचं पायपुसणं असतं, किनाऱ्यावर जाळी वाळत घातलेली असतात. अडकलेलं नख कुत्रा हिसका देऊन सोडवतो आणि ते मुळाशी उपटतं. ते एकदा पाहिलं की कापायचा आळस राहत नाही.

आता मोजदाद. पुढच्या पंजाला चार नखं, आणि आतल्या बाजूला जरा वर एक अंगठ्याचं नख. मागे चार-चार. एकूण अठरा. काही कुत्र्यांना मागेही अंगठे असतात, मग वीस. असा वीसनखी कुत्रा राखणीला पक्का, असं आमच्या आळीतले जुने लोक सांगतात. राखणीचं मला माहीत नाही, पण नखं मात्र दोन जास्त कापावी लागतात. अंगठ्याचं नख चालताना जमिनीला लागत नाही, त्यामुळे कातळावर कितीही फिरवलं तरी ते पुरेसं झिजणार नाही. ते गोल वळत वाढतं आणि लक्ष दिलं नाही तर परत कातडीत शिरतं. लांब केसांच्या कुत्र्यात ते केसांखाली लपतं. आधी ते शोधा.

जिव्हाळी

आपण आपलं नख जास्त खोल कापलं की "जिव्हाळीला लागलं" म्हणतो. कुत्र्याच्या नखालाही जिव्हाळी असते: आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला मऊ गाभा, आणि त्याच्यावर कठीण नखाचं टरफल. टरफल कापलं तर काही कळत नाही. जिव्हाळी कापली तर दुखतं आणि रक्त येतं. नखं कापण्याचं सगळं कसब एवढ्यात आलं, की टरफल काढायचं आणि जिव्हाळीच्या अलीकडे थांबायचं.

पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते. दिसत नसेल तर नखामागे मोबाइलच्या बॅटरीचा उजेड धरा, स्पष्ट दिसते. काळूसारख्या काळ्या नखात बॅटरीचा उपयोग नाही. तिथे नख खालून पाहायचं. टोकाकडे वळलेला आकडा खालच्या बाजूने पन्हळीसारखा पोकळ असतो. पंजाकडे येता येता ती पन्हळ भरीव होते, तिथून जिव्हाळीचा मुलूख सुरू. पोकळ आकड्यापुरतं कापायचं, हा नवख्यानं पाळायचा नियम. त्यात फार कमी निघालं असं वाटेल. वाटू दे.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. नख वाढलं की जिव्हाळीही त्याच्याबरोबर पुढे सरकते. म्हणून बरेच महिने दुर्लक्ष झालेली नखं एका दिवसात आखूड करताच येत नाहीत. दर आठवड्याला थोडं थोडं टोक काढत राहिलं की जिव्हाळी हळूहळू मागे हटते. महिना-दोन महिन्यांत नख पुन्हा जागेवर येतं.

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगते. ऑगस्टची संध्याकाळ, ओटीवर चाळीसचा पिवळा दिवा, काळूला नवऱ्यानं दाबून धरलेलं, आणि माझ्या हातात आमचंच नेलकटर. एका बैठकीत अठरा नखं उरकायची असा बेत. माणसाचं नेलकटर सपाट नखासाठी असतं. कुत्र्याचं नख गोल दांडीसारखं, ते त्यात आधी दबलं, मग उभं चिरलं. तिसऱ्या नखाला काळू किंचाळला. पांढऱ्या लादीवर रक्ताचे थेंब, त्यावर सासूबाईंनी आणलेली हळद, आणि त्या हळदीत उमटलेली काळूची पावलं माजघरापासून पलंगाखालपर्यंत. रक्त दहा मिनिटांत थांबलं. पण त्यानंतर दिवाळी येईपर्यंत त्यानं मला पंजाला हात लावू दिला नाही.

त्या दिवशी एकच चूक झाली असं नाही. उजेड चुकला, हत्यार चुकलं, घाई चुकली. पण मुळातली चूक ही, की पंजा हातात द्यायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं आणि आम्ही थेट कापायला बसलो.

हत्यारं

कुत्र्यांसाठीचं नखं कापायचं हत्यार दोन प्रकारचं मिळतं. एक पक्कडीसारखं, दोन वाकड्या पात्यांचं. दुसऱ्यात एक कडी असते, तिच्यात नख घालायचं आणि दांडा दाबला की पातं सरकून येतं. कडीवालं छोट्या कुत्र्यांना ठीक. मध्यम आणि मोठ्या कुत्र्याला पक्कडवालंच घ्या, त्याला जोर लागत नाही आणि नख कुठे कापतोय ते दिसतं. पक्कडीला बाजूला एक पत्र्याची पट्टी असते, जास्त खोल जाऊ नये म्हणून. तिच्यावर विसंबू नका; तुमच्या कुत्र्याची जिव्हाळी कुठे आहे ते पट्टीला माहीत नसतं. पातं बोथट झालं की ते कापत नाही, चिरडतं. नखाला चिरा पडायला लागल्या की हत्यार बदला.

बाकी लागतं ते घरात असतं. तुरटी बारीक कुटून छोट्या डबीत भरून ठेवा. दाढी करताना कापलं की न्हावी जी फिरवतो तीच. तुरटी नसेल तर मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लॉवर. रक्त थांबवायची तयार पावडर औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, तिला स्टिप्टिक पावडर म्हणतात. कापूस, जुना पंचा, आणि खाऊ. खाऊ रोजचा नको. काळूला उकडलेल्या अंड्याचे चण्याएवढे तुकडे चालतात. भावाच्या लॅब्राडोरला ओल्या खोबऱ्याची चकती दिली की तो नखंच काय, शेपूटही कापून देईल. पण खोबरं दोन-तीन तुकड्यांवर नको, पोट बिघडतं. खारवलेली सुकट तर देऊच नका.

आधी पंजा, मग कात्री

हा भाग सगळ्यात लांब आहे आणि लोक नेमका हाच गाळतात. तीन आठवडे धरा. पिल्लू असेल तर कमी लागतील, आधी घाबरलेला कुत्रा असेल तर जास्त.

पहिल्या आठवड्यात हत्यार घरात आहे हे विसरून जा. कुत्रा दमून पडलेला असताना, संध्याकाळच्या फेरीनंतर, शेजारी बसा. खांद्यावरून हात खाली आणत पंजापर्यंत न्या, क्षणभर धरा, सोडा, खाऊ द्या. पंजा ओढून घेतला तर घेऊ द्या. धरून ठेवलं की तो ओढाओढीचा खेळ होतो आणि त्यात तोच जिंकतो. दोन-तीन दिवसांनी एकेक बोट हलकं दाबा. बोटाखालची गादी वर आणि वरची कातडी मागे, असं दाबलं की नख पूर्ण बाहेर येतं. तेच पुढे कापताना करायचं आहे. हे करताना बोटांच्या बेचक्यात पाहून घ्या. पावसाळ्यात तिथे लाली, वास, ओलसर बुरशी असते आणि गोचीड हटकून तिथेच दडते. दुखऱ्या बेचक्याला तुम्ही हात लावताय म्हणून कुत्रा गुरगुरत असेल तर तो नखांचा प्रश्न नाही, आधी तो इलाज करा.

दुसऱ्या आठवड्यात हत्यार आणा. जमिनीवर ठेवा, हुंगू द्या, खाऊ. पंजाला नुसतं टेकवा, खाऊ. मग आवाज. कुत्र्याला पात्यापेक्षा त्या "कट्" आवाजाची धास्ती असते. यासाठी मी खराट्यातला एक हीर काढते. पंजा डाव्या हातात, हीर पंजाशेजारी धरलेला, आणि पक्कडीनं त्याचा अर्ध्या इंचाचा तुकडा. कट्. खाऊ. कट्. खाऊ. माडाच्या हिराचा आवाज नखासारखाच येतो आणि हाताला जोरही तेवढाच लागतो, म्हणजे तुमचाही सराव होतो. पहिल्या दिवशी काळू उठून खळ्याच्या टोकाला जाऊन बसला. पाचव्या दिवशी हीर दिसला की जीभ बाहेर. एक खराटा गेला, पण पंजा परत मिळाला.

तिसऱ्या आठवड्यात एक नख. एकच. दुसऱ्या दिवशी दुसरं. अठरा दिवसांत एक फेरी पूर्ण झाली तरी चालतं. आजही मी काळूची नखं एका दिवसात पूर्ण करत नाही. एका दिवशी मागची, दुसऱ्या दिवशी पुढची.

कापताना

सकाळचा उजेड, पडवीचा कठडा, वारा असेल तर उत्तम. दिव्याखाली करू नका, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या संध्याकाळी तर नाहीच. लादी असेल तर खाली गोणपाट अंथरा, पाय घसरला की कुत्रा बिथरतो. आंघोळीनंतर किंवा ओल्यातून फिरून आल्यावर नख जरा मऊ असतं, तेव्हा सोपं जातं. समुद्रावरून आला असेल तर आधी पाय गोड्या पाण्यानं धुवून बेचके पुसा. खारी वाळू पात्यातही जाते.

छोटं कुत्रं मांडीवर. मोठं कुशीवर आडवं पडत असेल तर तसंच, नाहीतर उभं. उभ्या कुत्र्याचा पाय घोड्याला नाल ठोकणारा जसा मागे दुमडून धरतो तसा धरायचा, तळ वर. त्यात नख खालून दिसतं आणि कुत्र्याला पातं दिसत नाही. पाय बाजूला ताणू नका, त्या दिशेला तो वळत नाही आणि दुखतो. म्हातारा कुत्रा असेल तर पाय जमिनीपासून चार बोटंच उचला.

मागच्या पायापासून सुरुवात करा. तिथली नखं बहुधा आखूड असतात आणि कुत्रे पुढच्या पायाबद्दल जास्त हळवे असतात. पातं नखाच्या टोकाशी, पंजाच्या तळाला समांतर किंवा थोडं तिरकं. एका वेळी तांदळाच्या कणीएवढं काढा. दाबताना हात थांबवत नेऊ नका, एका दमात दाबा. अर्धवट दाबून विचार करत बसलं की नख चिमटतं आणि कुत्रा हिसका देतो.

काळ्या नखाला प्रत्येक कापानंतर कापलेलं तोंड समोरून पाहायचं. पहिल्या कापाला ते कोरडं, खडूसारखं पांढरट दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या कापाला मध्यभागी एक करडा-काळा, ओलसर ठिपका उगवतो. हा जिव्हाळीचा उंबरठा. ठिपका दिसला की त्या नखाचं काम संपलं, आणखी एक कणी काढायचा मोह आवरायचा. माझे दोन अपघात त्या एका जास्तीच्या कणीनं झालेत.

प्रत्येक नखानंतर खाऊ. शेवटी एकदम दिलेला मोठा तुकडा कुत्र्याला नखाशी जोडता येत नाही. तो जांभया देतोय, ओठ चाटतोय, डोळ्यांचे पांढरे कोपरे दाखवतोय, अंग ताठ धरतोय, तर थांबा. गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरून सांगतोय तोवर ठीक आहे. ओरडून त्याची गुरगुर बंद केली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

रक्त आलंच तर

घाबरल्यासारखं करू नका, तुमचा आवाज चढला की त्याचाही चढतो. कापसानं टोक दाबून धरा, मग तुरटीची पूड चिमटीत घेऊन नखाच्या तोंडावर दाबा आणि दोन-तीन मिनिटं तशीच धरा. मध्ये मध्ये उचलून पाहू नका. तुरटी झोंबते, पाय ओढेल. मक्याचं पीठ झोंबत नाही पण वेळ जास्त घेतं. हळदीनंही रक्त थांबतं म्हणा, पण लादी आठवडाभर पिवळी राहते. थांबल्यावर दोन-तीन तास अंगणात सोडू नका आणि पायाला घट्ट चिंधी बांधू नका.

वीस-पंचवीस मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तर डॉक्टर. आणि इथे आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कोकणात गोचीड भरपूर. गोचिडीतून एर्लिकिया नावाच्या जंतूचा ताप येतो आणि त्यात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. मग जिव्हाळीचा छोटासा कापही थांबायचं नाव घेत नाही. कुत्रा दोन-चार दिवस मरगळलेला आहे, जेवत नाही, हिरड्या फिक्या आहेत, अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत, नाकातून रक्त आलंय, तर नखांना हातच लावू नका. आधी रक्त तपासून घ्या.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. जिव्हाळी कापलेला पाय घेऊन कुत्र्याला भाताच्या खाचरात किंवा साचलेल्या पाण्यात सोडू नका. उंदीर-घुशींच्या लघवीतून त्या पाण्यात लेप्टोचे जंतू येतात आणि जखमेतून अंगात शिरतात. हा आजार कुत्र्याला होतो तसा माणसालाही. वर्षाच्या लशीत लेप्टोची लस आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका. कुत्र्याला ती विषासारखी ठरू शकतात.

कापणं जमतच नसेल तर

घासणं जमू शकेल. नखं घासायचं छोटं मशिन मिळतं, बॅटरीवर चालणारं. त्याची घरघर सोसायला तोच हिराचा धडा मशिनसाठी पुन्हा द्यावा लागतो: आधी बंद मशिन, मग दूर चालू, मग जवळ. एका जागी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नख तापतं. लांब केस आधी बाजूला करा, मशिनमध्ये गुंडाळले जातात. भुकटी नाकात जाते, तेव्हा अंगणात करा.

त्याहून स्वस्त उपाय फळीचा. हातभर फळीवर सुताराकडचा 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, फळी तिरकी धरा, खाली खाऊ लपवा. कुत्रा पुढच्या पायांनी खरवडतो, नखं झिजतात. काळूला हे इतकं आवडलं की फळी पाहिली की तो स्वतःहून येतो. फळी मिळाली नाही तर घराच्या मागे जांभ्याचे चिरे रचलेले असतातच. मात्र यानं मागची नखं आणि अंगठे झिजत नाहीत, ते कापावेच लागतात.

डॉक्टर किंवा ग्रूमर

नख कातडीत शिरलंय, उभं चिरलंय, अर्धं उपटून लोंबतंय, एखादं बोट सुजलंय, कुत्रा लंगडतोय: हे घरचं काम नाही. एकामागून एक नखं गळत असतील तर तो आजार आहे, कापून बरा होत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचं एकच बोट बरेच दिवस सुजलेलं असेल तर "लागलं असेल" म्हणून सोडू नका, गाठही असू शकते. आणि कुत्रा आधी चावलेला असेल तर पहिली वेळ डॉक्टरांकडेच.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य गर्दी गाई-म्हशी आणि शेळ्यांची. तिथले डॉक्टर बऱ्याचदा वाडीवस्तीवर फिरतीला असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून सकाळी जा. गाईच्या शेजारी बांधलेला कुत्रा आधीच बिथरतो, त्याला नंबर येईपर्यंत बाहेर सावलीत थांबवा. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे कुत्र्या-मांजरांचे खाजगी दवाखाने आहेत. नुसत्या नखांचे मी शंभरपासून तीनशेपर्यंत रुपये दिलेत.

ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांचे केस-नखं कापून देणाऱ्याकडे, नेत असाल तर दोन प्रश्न विचारा: मला शेजारी थांबता येईल का, आणि रक्त आलं तर तुम्ही काय करता? दुसऱ्या प्रश्नावर "आमच्याकडे येतच नाही" असं उत्तर आलं तर मी परत फिरते. प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी येतं. लशीचं कार्ड ते मागत नसतील तर तेही लक्षण चांगलं नाही, तुमच्या आधी तिथे कोण येऊन गेलं याचीही चौकशी झालेली नसणार. मानेला दाबून धरणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. काम पटकन होतं, पण पुढची दोन वर्षं घरी तुम्हाला निस्तरावं लागतं.

फार घाबरणाऱ्या कुत्र्याला आदल्या रात्री आणि जाण्याआधी द्यायच्या शांत करणाऱ्या गोळ्या असतात. त्या डॉक्टरच वजन आणि तब्येत पाहून देतात. शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. तोंड बांधायचं तर जाळीची मुसकी वापरा, तिच्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात. आपल्या दमट हवेत पट्टीनं घट्ट बांधलेलं तोंड पाच मिनिटांतही महागात पडू शकतं, कारण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. चपट्या तोंडाच्या पगला तर कधीच बांधू नका.

आणि चावलाच, किंवा नखानं रक्त येईल असं ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. चुना, मिरची, काही लावू नका. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून या.

हत्यार ठेवायची जागा

हे शेवटी लिहितेय, पण माझी पहिली पक्कड यामुळेच गेली. खिडकीत ठेवली होती. समुद्र पाचशे पावलांवर, पावसाळ्याचे चार महिने, गणपतीत काढली तर सांध्याला तांबेरा आणि पातं अर्ध्यात अडकतंय. खाऱ्या वाऱ्यात पोलाद टिकत नाही. आता काम झालं की पातं कोरडं पुसते, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडते, आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बुडाशी मूठभर कोरडे तांदूळ घालून ठेवते. त्याच डब्यात तुरटीची डबी आणि दोन-चार हीर. झाकण उघडताना डबा वाजतो. पूर्वी तो आवाज आला की काळू पलंगाखाली जायचा. परवा वाजला तेव्हा पडवीत येऊन बसला आणि उजवा पंजा गोणपाटावर ठेवला. नखं मागच्याच आठवड्यात कापली होती. मी तांदूळ बदलत होते.